चौदाशे बारा पानांत नसलेला तलाव

त्या बाई पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आल्या तेव्हा मी त्यांच्या भावाच्या अपिलाचा मसुदा नुकताच टाइप करून टेबलावर ठेवला होता. खुनाचा गुन्हा, जन्मठेप, आणि अशिलाकडे वकील करायची ऐपत नाही म्हणून मोफत कायदेसाहाय्य समितीने माझ्या गळ्यात घातलेलं प्रकरण. चष्म्याच्या दुकानावरचा माझा जिना चढून कोणी आलं की धापा टाकत आधी पाणी मागतं. या बाईंनी पाणी मागितलं नाही. त्यांनी मसुदा मागितला, पर्समधून लाल पेन्सिल काढली आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून वाचायला सुरुवात केली. मी समोर बसून शाळेतल्या मुलीसारखी वाट बघत राहिले.

तासाभराने त्यांनी कागद परत दिले. सतरा चुका होत्या.

"वकीलबाई, सहानुभूती शब्दात 'नु' ऱ्हस्व," त्या म्हणाल्या. "तुम्ही दीर्घ काढलाय. अशी चुकीची मागितली तर ती मिळायची कशी?"

एका छापखान्यात त्यांनी चौतीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून काढली होती. रेल्वेची वेळापत्रकं, भूगोलाची पुस्तकं, औषधांच्या बाटलीबरोबर येणाऱ्या त्या मुंगीएवढ्या अक्षरांच्या घड्या, असं सगळं त्यांच्या नजरेखालून गेलेलं. छापखान्यात त्यांना वेलांटीबाई म्हणत. आधी ते पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि निवृत्तीच्या दिवशी मालकांनी भाषणात म्हटलं तेव्हा त्यांनी मालकांच्या भाषणातल्याच दोन चुका सांगितल्या. हे त्यांनी मला स्वतःच, बऱ्यापैकी खुशीत, सांगितलं.

लग्न केलं नव्हतं. आई लवकर गेली, वडील नदीत बुडाले, आणि त्यांच्याहून सतरा वर्षांनी धाकटा असलेला भाऊ त्यांच्या पदरात पडला. त्याला त्यांनी वाढवलं, लिहायला शिकवलं, आणि घोट्याच्या वर पाणी असेल तिथे पाय घालायचा नाही असं त्याच्याकडून वचन घेतलं. मुलगा अभ्यासात यथातथाच होता, पण बिघडलेलं कुलूप हातात दिलं की दिवसभर जेवणाची आठवण काढायचा नाही. मोठेपणी त्याने एका जिन्याखाली किल्ल्या बनवायचं दुकान टाकलं. सगळे त्याला किल्लीवालाच म्हणायचे.

ही किल्लीच त्याला भोवली. दुकानाशेजारी एक चित्रांच्या चौकटी करणारा म्हातारा राहायचा. एका संध्याकाळी त्याच्याच एका जड चौकटीने कोणीतरी त्याच्या डोक्यात घाव घातला. दाराला बाहेरून, किल्ली फिरवल्याशिवाय न लागणारं कुलूप होतं आणि त्याची किल्ली मात्र मेलेल्या माणसाच्या खिशात होती. पोलिसांनी साधा हिशेब केला की किल्लीशिवाय कुलूप लावू शकेल असा गल्लीत एकच माणूस आहे. त्यातून आदल्याच दिवशी दुकानाची पाटी चौकटवाल्याच्या खिडकीवर येते म्हणून दोघांची चांगली जुंपली होती. कुलपावर बोटांचे ठसे मिळाले तेही किल्लीवाल्याचेच. कुलूप त्यानेच बसवून दिलेलं, मग ठसे काय शिंप्याचे मिळणार होते? पण हा प्रश्न कोर्टात कोणी विचारलाच नाही.

विचारायचं काम ज्यांचं होतं त्या वकिलांना किल्लीवाल्याने अत्तर असं नाव ठेवलं होतं. ते तुरुंगात एकदाच भेटायला आले, दहा मिनिटं बसले, आणि त्यांचा सुवास खोलीत पुढे तासभर बसला. खटल्यात त्यांनी चौदा साक्षीदारांपैकी अकरा जणांना एकही प्रश्न विचारला नाही. किल्लीवाल्याला जन्मठेप झाली आणि चार महिन्यांनी अत्तरसाहेब नोकरीला लागले. कुठे, तर सरकारी वकिलांच्या कार्यालयात. ज्या कार्यालयाने त्यांच्या अशिलाला आत पाठवलं होतं, त्याच कार्यालयात त्यांना खुर्ची, पंखा आणि दारावर नावाची पाटी मिळाली.

आता अपील दाखल झाल्यावर त्याला विरोध करणार तेच कार्यालय. मी ही गोष्ट बाईंना जरा बिचकतच समजावून सांगितली. त्या शांतपणे म्हणाल्या की म्हणजे परीक्षेत ज्याने आमचा पेपर लिहून नापास करून दाखवला, तोच आता तपासनीस. मी म्हटलं, जवळपास तसंच.

मी कार्यालयाला पत्र लिहिलं की या प्रकरणातून बाजूला व्हा आणि दुसऱ्या शहरातल्या सरकारी वकिलांकडे ते सोपवा. उत्तरादाखल तिथल्या मोठ्या साहेबांचं प्रतिज्ञापत्रच आलं. सदर वकील वेगळ्या मजल्यावर बसतात. प्रकरणाची फाइल कुलूपबंद कपाटात आहे. त्यांनी तिला हातही लावलेला नाही आणि कोणाशी चकार शब्द काढलेला नाही. वाचायला इतकं सोज्ज्वळ की मलाच आपण कोणावर संशय घेतल्याचं वाईट वाटलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी आमच्या अपिलावर कार्यालयाचं लेखी उत्तर आलं, बावन्न पानांचं. बाईंना मी फोन केला आणि त्या तासाभरात हजर. खिडकीजवळची खुर्ची आता त्यांचीच झाली होती. माझे दुसरे अशील तिच्यावर बसले तर मलाच चुकल्यासारखं व्हायचं. त्यांनी पेन्सिल काढली. नवव्या पानावर त्या हुंकारल्या. चौदाव्या पानावर चष्मा काढून पुसला. मग पर्समधून एक जुना लिफाफा काढला. त्यात अत्तरसाहेबांनी खटल्याच्या वेळी त्यांना पाठवलेली तीन पत्रं होती.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "तथापि शब्दाला दीर्घ वेलांटी. कदापिही, त्यालाही दीर्घ. यद्यपि, तिथेही तेच. पत्रात तसं, उत्तरातही तसं. नऊ ते एकवीस एवढीच पानं अशी आहेत. बाकीची दुसऱ्या कोणाची आहेत, त्याला अनुस्वाराचं वावडं आहे."

मला हसू आलं. मी त्यांना सांगितलं की वेलांटीवर कोर्ट चालत नाही. शहरातले निम्मे वकील असंच लिहितात, आणि त्या निम्म्यांत मीही होते, आत्ता आत्तापर्यंत. त्यांना ते पटलं नाही, पण त्या वाचत राहिल्या. आणि मग सोळाव्या पानावर त्या थांबल्या. एका वाक्यावर बोट ठेवून त्यांनी ते पुन्हा वाचलं. शेवटी पान माझ्याकडे सरकवून त्यांनी विचारलं, "कुठला तलाव?"

वाक्य असं होतं: 'तथापी, अपीलकर्ता त्या संध्याकाळी जलतरण तलावावर होता ही सबब कदापीही ग्राह्य धरता येणार नाही, कारण तलावाच्या नोंदवहीत त्याचे नाव आढळत नाही.'

आम्ही तलावाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. अपिलात नाही, खटल्यात नाही, पोलिसांच्या जबाबात नाही. मला तलाव माहीत नव्हता. बहिणीला माहीत नव्हता. जी सबब आम्ही पुढे केलीच नव्हती ती खोडून काढायची घाई कार्यालयाला झाली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तुरुंगात गेलो. जाळीपलीकडे किल्लीवाला येऊन बसला. सावकाश बोलणारा, रुंद पंजांचा माणूस. मी प्रश्न विचारायच्या आत बाईंनीच विचारला. तो आधी छताकडे बघत राहिला, मग त्याचे कान लाल झाले, मग गाल, मग मानसुद्धा.

"ताई, रागावू नकोस," तो म्हणाला. "मी पोहायला शिकत होतो."

बाहेर जे आलं ते असं. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्याच्या मनाने घेतलं की आपण पाण्याला घाबरतो हे आता पुरे झालं. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक तलाव होता. तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी, सहा ते साडेसात, मोठ्यांचा शिकाऊ वर्ग भरे. बहिणीच्या कानावर जाऊ नये म्हणून त्याने नोंदवहीत आपलं नाव न लिहिता शाळेतल्या गणिताच्या मास्तरांचं नाव लिहिलं. चौकटवाल्याचा खून झाला तो शुक्रवार होता, आणि वेळ सहा ते साडेसातच्या मधली. त्याने हे अत्तरसाहेबांना त्या दहा मिनिटांत सांगितलं होतं. अत्तरसाहेबांनी तलावावर माणूस पाठवला, नोंदवहीत नाव नाही म्हटल्यावर अशील खोटं बोलतोय असं ठरवून टाकलं, आणि या विषयावर तोंड उघडू नकोस अशी ताकीद दिली. खोट्या नावाची गोष्ट तो सांगणारच होता, पण तेवढ्यात साहेबांनी घड्याळ बघितलं.

बाहेर आल्यावर बाई फाटकापाशी उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी मला विचारलं की ही गोष्ट भाऊ आणि अत्तरसाहेब या दोघांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती, हे कोर्टाला कसं दाखवायचं? मी म्हटलं, नसलेली गोष्ट दाखवणं सगळ्यात अवघड. त्या म्हणाल्या की त्यात काय अवघड आहे, खटल्याची सगळी कागदपत्रं वाचायची आणि तलाव कुठेच नाही हे सांगायचं.

कागदपत्रं चौदाशे बारा पानांची होती. त्यांनी ती सोळा दिवसांत दोनदा वाचली. दुसऱ्यांदा उलटीकडून, शेवटच्या पानावरून पहिल्याकडे, कारण तसं वाचलं की अर्थ मध्ये येत नाही म्हणे. सहाशे अकरा चुका सापडल्या. पोलिसांच्या पंचनाम्यात मयताचं वय एका पानावर एकाहत्तर होतं आणि पुढच्याच पानावर सतरा. तलाव कुठेही नव्हता.

मी अर्ज केला: पूर्ण कार्यालयालाच या प्रकरणातून दूर करा. सुनावणी ज्यांच्यासमोर झाली त्या न्यायमूर्ती बारीक चणीच्या, हळू आवाजाच्या बाई होत्या. त्यांचा आवाज जितका खाली जाई तितके वकील ताठ बसत. मोठे साहेब स्वतः उभे राहिले. सुरुवातीचा अर्धा तास त्यांनी माझी थट्टा करण्यात घालवला. शुद्धलेखनाच्या आधारे सरकारला कोर्टाबाहेर काढायचा हा इतिहासातला पहिलाच प्रयत्न असावा, असं म्हणाले. लोक हसले. माझ्यामागे बसलेल्या वेलांटीबाईही हसल्या, आणि ते मला फारसं आवडलं नाही.

न्यायमूर्ती हसल्या नाहीत. त्यांनी सोळावं पान उघडून ठेवलं होतं.

"तलावाची माहिती तुम्हाला कुठून मिळाली?" त्यांनी विचारलं.

"खटल्याच्या कागदपत्रांतून," साहेब म्हणाले.

"कोणत्या पानावर?"

साहेबांनी मागे वळून सहायकाकडे बघितलं. सहायकाने आणखी मागे बसलेल्या दुसऱ्या सहायकाकडे बघितलं. न्यायमूर्तींनी घाई केली नाही. जेवणाची सुट्टी आहे, तेवढ्यात पान शोधा, म्हणाल्या. त्या पाऊण तासात कार्यालयाचे पाच जण कोर्टाच्या व्हरांड्यात बाकांवर गठ्ठे पसरून बसले होते. वेलांटीबाई घरून आणलेला डबा घेऊन त्यांच्या समोरच्याच बाकावर जेवायला बसल्या. एकदा एका तरुण सहायकाने पानं उलटताना मान वर केली, तेव्हा त्यांनी त्याला अगदी मायेने सांगितलं की बाळ, सातशे तीस ते आठशे पुन्हा बघू नकोस, तिथे फक्त डॉक्टर आहेत.

सुट्टीनंतर पान मिळालं नव्हतं. न्यायमूर्तींनी अत्तरसाहेबांना बोलावून घेतलं. दोन मजले उतरून ते आले आणि त्यांच्या आधी दारातून सुवास आला. शपथेवर त्यांनी सांगितलं की त्यांनी या प्रकरणाविषयी कार्यालयात कोणाशीही चर्चा केलेली नाही. मी विचारलं की मग उत्तराचा मसुदा त्यांनी पाहिलाच नव्हता का. ते जरा दुखावल्यासारखे झाले.

"मी फक्त भाषा तपासून दिली," ते म्हणाले.

माझ्यामागून एक आवाज आला. खोकला असावा असा त्याचा आव होता, पण तो खोकला नव्हता. सगळं कोर्ट वळून बघायला लागलं. वेलांटीबाईंनी पदर तोंडात कोंबला होता आणि त्यांचे खांदे गदगद हलत होते. न्यायमूर्तींनी त्यांना बाहेर जायचं आहे का, असं विचारलं. त्यांनी मानेने नाही म्हटलं.

मी आणखी एकच प्रश्न विचारला. खरं सांगायचं तर तो मला सुचला नव्हता. बाईंनी सकाळी चिठ्ठीवर लिहून दिला होता आणि मला तो बिनकामाचा वाटला होता. या कार्यालयात नोकरीसाठी अर्ज कधी केला? अत्तरसाहेबांनी आधी मोठ्या साहेबांकडे बघितलं. मग तारीख सांगितली. ती खटला सुरू होण्याच्या दोन आठवडे आधीची होती.

आता कोणी हसत नव्हतं. ज्या कार्यालयाविरुद्ध लढायचं त्याच्याच दारात हा माणूस अर्ज हातात घेऊन उभा होता, आणि दुसऱ्या हातात किल्लीवाल्याचं आयुष्य होतं. मोठ्या साहेबांनी बसल्या जागी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. हे त्यांनाही नवीन होतं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

आठवड्याने आदेश आला. पूर्ण कार्यालय दूर, प्रकरण दुसऱ्या शहरातल्या सरकारी वकिलांकडे. बाईंनी आदेश वाचला. एक चूक होती. ती कळवायची नाही म्हणून मी त्यांच्याकडून शपथ घेतली.

नवे सरकारी वकील सतत थर्मास घेऊन फिरणारे, अबोल गृहस्थ होते. बाईंनी त्यांचं नाव पाहुणे ठेवलं. पाहुण्यांनी मला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं की ते आमच्या बाजूचे नाहीत. मग म्हणाले, तलाव बघून येऊ.

तलावाच्या कचेरीत क्लोरीनचा वास आणि ओल्या सपातांचे ठसे. दोन वर्षांपूर्वीची नोंदवही कपाटावरून काढून दिली गेली. बाईंनी पान उलटलं आणि दुसऱ्याच मिनिटाला बोट ठेवलं. गणिताचे मास्तर. "ज्यांनी याला वर्षभर वर्गाबाहेर उभं केलं, त्यांचं नाव," त्या म्हणाल्या. भावाचा 'ळ' इंग्रजी आठासारखा ताठ उभा असतो, कितीही सांगितलं तरी सुधारला नाही, हेही त्यांनी पाहुण्यांना दाखवलं. पाहुण्यांनी लिहून घेतलं आणि हस्ताक्षरतज्ज्ञ बघेल, एवढंच म्हणाले.

पोहायला शिकवणाऱ्या बाईंना मात्र तज्ज्ञाची गरज पडली नाही. मोठ्यांच्या वर्गात तीन आठवडे कठड्याला चिकटून राहिलेला तो एकच, असं त्या म्हणाल्या. त्याची बोटं सोडवायला दोघं लागायचे. आणि त्या शुक्रवारी तर त्याने एकोणीस नंबरच्या लॉकरचं अडकलेलं कुलूप उघडून दिलं होतं, कारण आतमध्ये एका बाईंचे कपडे होते आणि बाई टॉवेल गुंडाळून उभ्या होत्या. त्याची नोंद दुरुस्तीच्या वहीत होती: तारीख, सहा चाळीस, 'तेल घालून कुलूप मोकळे केले', खाली मास्तरांची सही, ताठ उभ्या 'ळ'सकट. तलावापासून चौकटवाल्याच्या दारापर्यंत बसने सव्वा तास लागतो.

सहा आठवड्यांनी तज्ज्ञाचा अहवाल आला. पाहुण्यांनी अपिलाच्या सुनावणीत उभं राहून चार वाक्यांत सांगितलं की सरकारचा अपिलाला विरोध नाही आणि सरकार पुन्हा खटलाही चालवणार नाही. मग थर्मास उचलून ते गाडी पकडायला गेले. शिक्षा रद्द झाली. चौकटवाल्याच्या खोलीची दुसरी किल्ली कोणाकडे होती याची चौकशी पोलिसांनी नव्याने उघडली. ती अजून चालू आहे. बाई दर महिन्याला जाऊन विचारतात.

अत्तरसाहेबांची सनद दोन वर्षांसाठी काढून घेतली. चौकशी समितीने बाईंना साक्षीला बोलावलं होतं. मला वाटलं, आता या त्यांना सोलून काढणार. त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. शेवटी काही म्हणायचं आहे का असं विचारल्यावर त्या म्हणाल्या की माणूस दुष्ट नाही, त्याला फक्त दुसऱ्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकायची सवय नाही. ही सवय लागायला दोन वर्षं पुरतील की नाही ते समितीने बघावं.

किल्लीवाला सुटला त्या दिवशी मला दुसरीकडे तारीख होती, म्हणून घरी जातानाची गोष्ट मला नंतर बाईंकडूनच कळली. दोघं बसमध्ये शेजारी बसले होते. बाईंनी त्याला खिडकी दिली होती. बाहेर बघत बघत त्याने विचारलं, "ताई, तुला कधी वाटलं का गं, की मीच केलं असेल?"

बाईंना खोटं बोलता येत नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीने ती सोय घालवली आहे. त्यांनी सांगितलं की हो, एक दिवस वाटलं. कोणत्या दिवशी, असं त्याने विचारलं.

"सोळावं पान वाचलं त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, हा पोहायच्या तलावावर जातो आणि मला पत्ता लागू देत नाही, तर आणखी काय काय लपवत असेल? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी तुला भेटायला आले. खुनाचं विचारलं तेव्हा तू कधीच लाजला नव्हतास. पोहण्याचं विचारलं आणि मानेपर्यंत लाल झालास. मग माझा जीव भांड्यात पडला."

त्याने खिडकीची काच वर सरकवली. मग तो म्हणाला की त्याला अजून पोहता येत नाही, फक्त कठडा सोडता येतो. बाईंनी विचारलं, किती वेळ? तो म्हणाला, वीस मोजेपर्यंत. पुढच्या थांब्यावर गर्दी चढली, एका म्हाताऱ्या माणसाला जागा द्यायला तो उठला आणि उरलेला सगळा रस्ता बहिणीच्या डोक्यावरची दांडी धरून उभा राहिला.